एका रिंगची अकॅडमी

आठवीत मी बाबांपेक्षा उंच झाले आणि त्याच महिन्यात आईने माझी उंची मोजणं बंद केलं. तोवर दर वाढदिवसाला ती मला स्वयंपाकघराच्या दाराला टेकवून उभी करायची, डोक्यावर माझीच पट्टी आडवी धरायची आणि चौकटीवर पेन्सिलने रेघ मारायची. त्या वर्षी तिने पेन्सिल शोधलीच नाही. मोजलं नाही तर वाढणार नाही, अशी तिची साधी समजूत होती.

गिरगावातली खोली सोडून आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो होतो आणि आईच्या मते सगळा दोष इथल्या मोकळ्या हवेचा होता. "तिकडे हिला वाढायला जागाच नव्हती," असं ती शेजारणींना सांगायची. शेजारणी हसायच्या, पण आई विनोद करत नव्हती. एवढ्या उंच मुलीला नवरा कुठून आणायचा हा तिचा खरोखरचा प्रश्न होता, आणि तो ती पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, कधीकधी तर आरती म्हणतानासुद्धा सोडवत असायची. मी तेव्हा तेरा वर्षांची होते.

त्यात मला बास्केटबॉलचा नाद लागला. आमच्या शाळेच्या मातीच्या मैदानावर लोखंडी खांबांना वेल्डिंग करून बसवलेल्या दोन रिंगा होत्या. पाण्याच्या टाकीकडची जरा खाली झुकलेली, कारण मुलं तिला लोंबकळत. गुलमोहराकडची सरळ, पण तिच्यात अधूनमधून कावळा घरटं करी. शाळा भरण्याआधी पीटीच्या बाई आम्हा मुलींना तिथे खेळायला शिकवायच्या. बाई नऊवारी नेसत नव्हत्या एवढंच, बाकी सगळा जामानिमा घरचाच. पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात मंगळसूत्र आणि शिट्टी एकमेकांत अडकलेली. शिट्टी वाजवायची म्हणजे आधी गुंता सोडवायला लागायचा, त्यामुळे आमचे पुष्कळ फाऊल माफ व्हायचे.

बाईंचं एक खूळ होतं. डावा हात. "उजवा हात सगळ्यांनाच असतो," त्या म्हणायच्या. "समोरची मुलगी तुमच्या उजव्या हाताची वाट बघत उभी असते. तिला बसू दे वाट बघत." म्हणून त्यांनी आम्हाला फर्मान काढलं, की एक अख्खा महिना जेवण सोडून सगळं डाव्या हाताने करायचं. दात घासायचे डाव्या हाताने, कडी काढायची डाव्या हाताने, वेणीसुद्धा डावा हात पुढे ठेवून घालायची. त्या महिन्यात आमच्या वर्गातल्या मुलींच्या वेण्या बघून मुख्याध्यापिकांना वाटलं की शाळेत उवांची साथ आली आहे. पण महिन्याच्या शेवटी मला तो फटका जमला. पळत यायचं, उजव्या पायावर उडायचं आणि डाव्या हाताने बॉल रिंगेमागच्या फळीवरच्या चौकोनात अलगद ठेवून द्यायचा. फेकायचा नाही, ठेवायचा. मग तो आपोआप आत पडतो.

माझ्याबरोबर तो फटका सर्वात आधी जमला तो कॉलनीला लागून असलेल्या जुन्या गावातल्या मुलीला. तिचे वडील खाडीत मासे धरायचे. ती माझ्या खांद्याला जेमतेम लागत होती, पण बॉल घेऊन पळायला लागली की तिला धरणं कुणाच्या बापाला जमत नसे. आम्ही दोघी उभ्या राहिलो की दहा आकड्यासारख्या दिसतो, असं बाई म्हणायच्या. आम्ही मात्र एकमेकींना बॉल देत मैदानभर नुसत्या हुंदडायचो. पळताना मला माझी उंची आठवायची नाही. बाकी दिवसभर ती माझ्यामागे असायचीच. वर्गात शेवटच्या बाकावर, फोटोत मागच्या रांगेत, लग्नकार्यात कुणातरी मावशीच्या नजरेत. मैदानावर मात्र मी फक्त पळणारी मुलगी होते. मला तिथे फार सुख वाटायचं, इतकं साधं होतं ते.

तेवढ्यात घरोघरी केबल आली. केबलवर अमेरिकेतले उंच खेळाडू रिंगेला लोंबकळताना दिसायला लागले (आमच्या टाकीकडच्या पोरांना ते नवीन नव्हतं), आणि पुढच्याच सुट्टीत खांदा कॉलनीतल्या एका क्लासच्या सरांनी बास्केटबॉलची अकॅडमी काढली. सर मूळचे गणिताचे. पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर त्यांचा दहावीचा क्लास चालायचा आणि त्यांच्या वह्यांवर कायम थोडं पीठ असायचं. त्यांनी आयुष्यात कधी बॉल हातात धरला होता का, हे कुणी विचारलं नाही. क्लासचा निकाल चांगला लागत होता.

प्रवेशाच्या दिवशी आई, बाबा आणि मी त्या माळ्यावर बाकावर जाऊन बसलो. बाबा गेले ते मार्कांसाठी. खेळात नाव काढलं तर बोर्डाच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात, पुढे इंजिनिअरिंगला वेगळा कोटा असतो, असं सरांनी पत्रकात छापलं होतं. आमच्या शेजारी एक आई आपल्या बुटक्या मुलाला घेऊन बसली होती. सर तिला म्हणाले, "काळजी करू नका, बास्केटबॉलने उंची वाढतेच. सहा महिन्यांत फरक दिसेल." मग तेच सर आमच्याकडे वळले. आईने जीव मुठीत धरून विचारलं, "पण हिची वाढायला नको आहे हो." सरांनी एक क्षणही घेतला नाही. "आमच्याकडे शास्त्रोक्त ट्रेनिंग असतं, ताई. शास्त्रोक्त ट्रेनिंगने उंची कंट्रोलमध्ये राहते."

दोन्ही आयांनी एकाच बाकावर बसून दोन्ही उत्तरं ऐकली आणि दोघींनी फी भरली.

बाईंच्या सकाळच्या खेळाला पैसे पडत नव्हते, हाच त्याचा मोठा दोष ठरला. फुकट शिकवतात त्यात काय असणार, असं सोसायटीच्या जिन्यात बोललं जाऊ लागलं आणि एकेक मुलगी अकॅडमीत जायला लागली. मला जायचं नव्हतं. पण बाबा म्हणाले, खेळायचं तर तिथे खेळ, नाहीतर अभ्यास कर. मी गेले. गावातल्या मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जा. आमाला काय, आमी हाव बाईंकडं. तिकडं शिकलीस काय तर आमाला पन सांग."

अकॅडमीचं उद्घाटन सत्यनारायणाने झालं. सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर सिमेंट टाकून सरांनी कोर्ट केलं होतं आणि पूजा कोर्टाच्या बरोबर मधोमध होती, कारण तिथे वर्तुळ आयतं आखलेलं होतं. चौरंग, केळीचे खांब, कलश. कोर्टाला रिंग एकच. दुसऱ्या टोकाला रिंगेच्या जागी एका लोणचे-पापडवाल्या काकांचा भला मोठा बोर्ड लावलेला, कारण आमच्या टी-शर्टांचा खर्च त्यांनी उचलला होता. आमच्या पाठीवर नंबरच्या वर कैरीचं चित्र होतं.

पूजा झाली. गुरुजी तीर्थ देत होते. मी रांगेत आईच्या पुढे होते, हात पुढे केला, आणि तो डावा होता. महिनाभराची सवय, काय करणार. गुरुजींची पळी हवेतच थांबली. मी गोंधळून हात मागे घ्यायच्या ऐवजी आणखी पुढे केला. शेवटी आईने माझं मनगट धरून तो हात खाली ओढला आणि उजवा वर केला.

घरी येऊन चप्पल काढल्यावर ती बोलली. "आधी ताडासारखी वाढलीस. आता डावखुरी झालीस. हा कसला खेळ आहे ग, ज्याने मुलगी एकेक करून सगळी बिघडते?" बाबांनी मधे पडून फी भरल्याची आठवण करून दिली. तेव्हा आईने निकाल दिला. सुट्टी संपताना अकॅडमी पालकांसमोर एक मॅच करणार होती. ती मॅच ती स्वतः येऊन बघेल. तिला त्यात काही अर्थ दिसला तर ठीक, नाहीतर बॉल घरच्या माळ्यावर आणि मी शिवणाच्या क्लासला. आई एकदा माळ्यावर टाकलेली वस्तू परत काढत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माझी सतार तिथेच होती.

अकॅडमीत सरांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं, जसं क्लासमध्ये हुशारीप्रमाणे बसवायचे. माझा पहिला नंबर आला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या उंचीकडे बघून खूश झालं होतं, त्यामुळे मीही थोडी हुरळले. पण त्याचा अर्थ एवढाच निघाला, की मी रिंगेखाली जाऊन उभं राहायचं आणि हात वर करायचे. "तू सेंटर," सर म्हणाले. "तू पळायचं नाहीस. बॉल आपटायचा नाहीस. बॉल तुझ्याकडे येईल, तू आत टाकायचास. बास." मी विचारलं, डाव्या हाताने टाकू का. सर म्हणाले, "सिलॅबसमध्ये नाही."

पाऊस आला किंवा ऊन फार झालं, की आम्ही गिरणीवरच्या माळ्यावर बास्केटबॉल शिकायचो. सर फळ्यावर कोर्ट काढायचे, खेळाडूंना अ, ब, क, ड अशी नावं द्यायचे आणि ब कडून क कडे बॉल किती अंशाच्या कोनात जाईल ते सिद्ध करून दाखवायचे. खाली गिरणी सुरू असली की सगळं कोर्ट थरथरायचं. दर शनिवारी लेखी परीक्षा. रिंगेचा व्यास लिहा, खालीलपैकी फाऊल ओळखा, फरक स्पष्ट करा. मी पहिली आले. माझा फोटो क्लासच्या बाहेरच्या बोर्डावर लागला, दहावीच्या गुणवंतांच्या शेजारी. बाबा मुद्दाम वाट वाकडी करून तो बघून आले. मला मात्र पळायला मिळत नव्हतं. संध्याकाळी हात वर करून उभं राहायचं आणि घरी येऊन खांद्याला बाम लावायचा, एवढाच माझा खेळ उरला, आणि मला रडू यायचं.

मॅचसाठी दुसरी रिंग लागते हे सरांच्या शेवटच्या आठवड्यात लक्षात आलं. लोणचेवाले काका बोर्ड काढायला तयार होईनात. तेव्हा मॅच शाळेच्या मैदानावर घ्यायची आणि समोर बाईंच्या उरलेल्या मुलींना उभं करायचं ठरलं. उरलेल्या म्हणजे ज्यांना फी परवडत नव्हती त्या आणि ज्यांना सरांनी उंचीवरून परत पाठवलं होतं त्या. "सोपा पेपर आहे," सर आम्हाला म्हणाले.

त्या दिवशी सगळे पालक आले. सतरंज्या घातल्या, लाउडस्पीकर लावला, काकांनी प्रत्येकाला लोणच्याची छोटी पुडी दिली. आई पहिल्या रांगेत मेथीची जुडी घेऊन बसली होती. नुसतं बसणं तिला जमायचं नाही. रेफ्री म्हणून दुसऱ्या शाळेतले एक पीटीचे सर बोलावले होते. पहिल्या डावात आम्हाला टाकीकडच्या रिंगेत बॉल टाकायचा होता. मी धावत जाऊन त्या रिंगेखाली उभी राहिले, हात वर केले आणि तशीच राहिले. बॉल कधी आला, मी टाकला, काही पडले. समोरच्या मुली आमच्या बगलेतून, पाठीमागून, कुठून कुठून निघून जायच्या. आम्ही मागे वळेपर्यंत गुलमोहराकडे बॉल आत गेलेला असायचा.

माझ्यासमोर गावातली मैत्रीण उभी होती. ती खालून माझ्याकडे बघून म्हणाली, "तू नुसती उबी काय? खांब हायेस का?"

"तसंच शिकवलंय," मी म्हटलं.

"पैसे देऊन?" तिने विचारलं आणि बॉल घेऊन गेली.

तेवढ्यात मला पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला. ती शेजारणीला सांगत होती, "अहो, ही उभीच आहे मघापासून. हात वर करून उभं राहायला इथे कशाला यायला पाहिजे? घरी जळमटं तरी निघाली असती." तिच्या मांडीवरच्या मेथीची अर्धी जुडी निवडून झाली होती. मॅच संपेल, मेथी संपेल आणि बॉल सतारीशेजारी जाऊन बसेल, हे मला स्पष्ट दिसलं.

मध्यंतरात कोकम सरबत मिळालं. सरांनी भाषण केलं, त्यात अ ने ब ला ओळखावं असं काहीतरी होतं. मी काही ऐकत नव्हते. मी ठरवून टाकलं होतं, की आता बॉल हातात आला की पळायचं. मार्क गेले तर गेले.

दुसरा डाव सुरू झाला आणि पहिलाच बॉल मला मिळाला. मी तो आपटला. सरांनी बाहेरून "नाही, नाही" असं ओरडायला सुरुवात केली. मी पळाले. टाकीकडे तोंड करून पळाले. माझ्या संघातल्या मुली माझ्या बरोबरीने पळत होत्या. समोरच्या मुली मात्र बाजूला होत गेल्या. एकीनेही आडवा हात घातला नाही, आणि मला वाटलं, बघा, कशी घाबरवली सगळ्यांना. गावातली मैत्रीण तर चक्क वाट देऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "जा, जा, टाक." मी बॉल डाव्या हातात घेतला, उजव्या पायावर उडाले आणि तो फळीवरच्या चौकोनात ठेवून दिला. फेकला नाही, ठेवला. तो आत पडला. आजपर्यंत मी इतकी सुंदर बास्केट दुसरी केलेली नाही.

ती आमच्याच रिंगेत होती.

मध्यंतरानंतर बाजू बदलतात. हा बास्केटबॉलचा इतका साधा नियम आहे, की तो गावातल्या पोरालाही ठाऊक असतो. पण अकॅडमीच्या कोर्टावर बाजूच नव्हत्या. रिंग एकच होती, दुसरीकडे लोणचं. आमच्यापैकी कुणाच्याही पायांनी अख्ख्या सुट्टीत बाजू बदलली नव्हती. आणि लेखी परीक्षेत हा प्रश्न आला होता. मीच उत्तर लिहिलं होतं, अधोरेखित करून, आणि मला पैकीच्या पैकी गुण होते.

रेफ्रीने शांतपणे बोटं वर करून गुण बाईंच्या संघाला दिले. सरांनी कपाळावर हात मारला तेव्हा त्यातून थोडं पीठ उडालं, असं मला अजून वाटतं. आणि तेवढ्यात कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. एकटंच, जोरात. मी वळून बघितलं. आई उभी होती. मेथी सगळी सतरंजीवर सांडली होती.

पुढे लोक मला विचारायचे, तू मुद्दाम केलंस ना, बाईंसाठी? हो म्हणायला मला फार आवडलं असतं. पण नाही, मला खरंच रिंग कळली नव्हती. त्या दोन गुणांच्या फरकानेच आम्ही हरलो. लोणचेवाल्या काकांनी उत्कृष्ट बास्केटसाठी कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवली होती, ती त्यांनी मला दिली. सर त्यांच्या कानात काही सांगायला गेले, तर काका माइकवरच म्हणाले, "अहो, बास्केट ती बास्केट. आपल्याला काय कळतं? दिसायला छान होती." बाई पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी शिट्टी तोंडात धरली होती, बहुधा हसू लपवायला. मग मंगळसूत्रातून ती सोडवून मला एवढंच म्हणाल्या, "डावा पाय जरा लांब पडला. बाकी ठीक."

घरी जाताना बाबा आईला समजावत होते, की ही बास्केट उलटी होती, तिच्यामुळे आपण हरलो, वाढीव गुण कसले, नाचक्की झाली. आई बरणी कडेवर घेऊन चालली होती. "ते असेल," ती म्हणाली. "पण किती सरळ गेली हो ती. कुणाला धक्का नाही, कुणाला आपटली नाही. मला वाटायचं ही चालताना दारालासुद्धा धडकते." थोडं चालल्यावर ती पुन्हा म्हणाली, "मी हिला पळताना बघितलंच नव्हतं कधी."

दुसऱ्या दिवशी सर घरी आले. माझ्यासारख्या विद्यार्थिनीला आता स्पेशल बॅच लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. आईने त्यांना चहा दिला, लोणचंही वाढलं, आणि म्हणाली, "नको. तुमच्याकडे ही दिवसभर हात वर करून उभी असते. अशाने माणूस ताणलं जाईल नाही तर काय होईल? त्या बाईंकडे पळते तरी. पळून पळून थोडी झिजेल." सर चहा पिऊन गेले.

पुढच्या सोमवारी सकाळी मी बूट घालून बाईंकडे निघाले तर आईने दारात थांबवलं. तिच्या हातात वाटी होती. आमच्याकडे परीक्षेला, मुलाखतीला, लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवतात. खेळायला निघालेल्या मुलीच्या हातावर कुणी ठेवत नाही. मी नीट उजवा हात पुढे केला, मनगटावर पूजेच्या दिवशीची तिची पकड मला अजून आठवत होती.

"तो नको," आई म्हणाली. "दुसरा."

मी डावा हात पुढे केला. तिने त्यावर दही-साखर ठेवली, चमचा वाटीत ठेवला आणि शेजारीण बघत नाही ना, ते बघायला जिन्यात डोकावली.